सेकंदामागे एक

१

लग्न लागत असतानाच त्याची फिल्म कापायला घ्यायची आणि पाहुणे जेवून उठायच्या आत ती हॉलच्या मोठ्या पडद्यावर दाखवायची, हा नोएमीचा धंदा होता. इलोइलो शहरात वधूचा झगा भाड्याचा चालतो, अंगठी उसनी चालते. पण दुपारी चर्चमध्ये लागलेलं लग्न संध्याकाळी पडद्यावर दिसलं नाही, तर बायका नाकं मुरडत घरी जातात. म्हणून शनिवार आला की नोएमी कुठल्या तरी हॉटेलच्या अडगळीच्या खोलीत संगणक मांडून बसायची. चर्चमधून कॅमेऱ्यांची कार्डं यायची. ती उतरवायची, कापायची, जोडायची, वर गाणं घालायचं. इतकी लग्नं तिच्या हाताखालून गेली होती की रडणाऱ्या बापांच्या तिने जाती पाडल्या होत्या: खरे रडणारे, कॅमेरा बघून रडणारे आणि सुटलो बुवा म्हणून रडणारे.

त्या शनिवारी वधू होती मायलीन. तिची धाकटी बहीण.

आई गेली तेव्हा मायलीन इतकी लहान होती की आईचा चेहरा तिला नोएमीच्या सांगण्यावरूनच ठाऊक होता. तिच्या वेण्या घालायच्या, तापात उशाशी बसायचं, शाळेत जाऊन बाईंशी भांडायचं, हे सगळं नोएमीने केलं. जगात आपलं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं. त्या माणसाच्या लग्नात करवली म्हणून उभं राहायचा हक्कही तिचाच होता. पण मध्ये निनांग कोन्सोर्सिया आली.

निनांग ही मायलीनच्या बाप्तिस्म्याची धर्ममाता, आता लग्नाचीही. हॉल तिने घेतलेला, जेवण तिचं, त्यामुळे मतंही तिचीच चालायची.

"घरची पोरगी फिल्म करते, मग बाहेरचा माणूस कशाला?" ती म्हणाली होती. "आणि थोरली बिनलग्नाची पुढेपुढे करतेय, हे बरं नाही दिसत, इंदाय, पोरी. माझी नात ट्रिक्सी उभी राहील करवली."

"मग फिल्मही ट्रिक्सीलाच करू दे ना."

"तोंड बघा हिचं! म्हणून तर कोणी नेत नाही."

मायलीनने डोळ्यांनीच विनवलं होतं, मनांग, ताई, एवढ्या वेळी जाऊ दे. नोएमीने जाऊ दिलं. आणि सख्ख्या बहिणीचं लग्न ती आता टेबलक्लॉथच्या ढिगात बसून कार्डावरून बघत होती.

२

खोली हॉलच्या वरच्या मजल्यावर होती. एका भिंतीला खुर्च्यांचे पांढरे अभ्रे छतापर्यंत रचलेले. खाली स्वयंपाकघर असल्यामुळे फरशी कोमट होती, आणि कुठलंसं यंत्र सारखं गुणगुणत होतं.

आर्विन हेल्मेट न काढताच आत आला. तो तिचा धंद्यातला जोडीदार, चर्चमधला दुसरा कॅमेरा त्याचा. आता मोटरसायकलवरून कार्डं घेऊन आला होता.

"हे माझं, हे तुझ्या तितोचं. लग्न लागलं. आपला नवरदेव रेनांते शपथ घेताना असा घामाघूम, म्हातारे फादर म्हणाले, बाळा, जहाज बुडत नाहीये."

"मायलीन?"

"हसत होती. सारखी. इतकं हसू नये म्हणतात लग्नात." तो जायला वळला. "आणि तितोला समजाव बाई. त्याचा कॅमेरा अजून त्याच्याच चालीने चालतोय."

नोएमीने कपाळावर हात मारला.

फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांनी चालते. तिचा आणि आर्विनचा कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रं टिपायचा. तितो बेर्तिंगने, म्हणजे बेर्तिंगकाकाने, मात्र चार महिन्यांपूर्वी बंदरावरच्या एका खलाशाकडून जुना कॅमेरा उचलला होता, आणि तो पंचवीस टिपायचा. चोवीसच्या फिल्ममध्ये पंचविसाची चित्रं घातली की संगणक दर सेकंदाला एक फ्रेम गुपचूप गाळून टाकतो. चालणारं माणूस मग सेकंदामागे एकदा किंचित अडखळतं. शिवाय तिथल्या दिव्यांशीही त्या पंचविसांचं जमत नाही. चित्रावरून एक काळपट पट्टा सावकाश सरकत राहतो.

कॅमेऱ्यात ते बदलायला एक बटण दाबावं लागतं. पण तितो हात लावू द्यायचा नाही. "हा कॅमेरा आल्यापासून माझा एक शनिवार रिकामा गेला नाही, इंदाय. चाललंय ते मोडायचं नसतं."

"तितो, ते चाललेलं नाही. ते लंगडतंय."

"लंगडं का होईना, चालतंय ना?"

मोठ्या माणसांचं हे असंच. आपल्या अडाणीपणाला ते नशीब म्हणतात, आणि त्यांनी सांडलेलं पुसायला आपण. इतर लग्नांत नोएमी पुसतही नसे; गाळली जाते फ्रेम तर जाऊ दे. आज मात्र मायलीन चालणार होती. तिचं एकही पाऊल अडखळलेलं चालणार नव्हतं.

३

तितोने मायलीनचं आगमन वेदीच्या बाजूने टिपलं होतं. समोर लांबलचक मधली वाट, टोकाला उघडं दार, दारात दुपारचं ऊन, आणि त्या उन्हातून येणारी मायलीन. नोएमी पडद्याकडे झुकली. लगेच मायलीन अडखळली. मग पुन्हा. दर सेकंदाला, कोणीतरी मागून झगा ओढावा तशी.

संगणक नेमकी कोणती फ्रेम गाळतोय ते बघायला नोएमीने मूळ चित्रं काढली आणि एकेक पुढे सरकवू लागली. बाण दाबायचा, एक फ्रेम. बाण दाबायचा, एक फ्रेम. मायलीनचं पाऊल उचललेलं, अर्ध्यात, टेकलेलं.

गाळायच्या फ्रेममध्ये दारात कोणीतरी होतं.

तिने एक फ्रेम मागे घेतली. दार रिकामं, ऊन. एक पुढे. कोणीतरी. आणखी एक पुढे. रिकामं.

तो काळा पट्टा असणार. तिने पट्टा शोधला. तो त्या फ्रेममध्ये वर छताजवळ होता, दारापासून लांब. ती पुढच्या सेकंदावर गेली. चोवीस फ्रेममध्ये दार रिकामं आणि एका फ्रेममध्ये दारात माणूस. त्याच्या पुढच्या सेकंदालाही तेच.

दुपारपासून ती उपाशी होती. तिने पाणी प्यायलं, डोळ्यांवर ओला हात फिरवला. मग आर्विनचं कार्ड लावून तोच क्षण काढला. त्याने उलट बाजूने टिपलं होतं, दार अगदी जवळून. दारात कोणीही नव्हतं. कोपऱ्यात फक्त एक कुत्रा कान खाजवत बसला होता.

४

जुन्या लग्नातलं काहीतरी कार्डावर उरलं असेल. तितो कार्ड नीट पुसत नाही, आणि एकावर एक चित्रं चढली की असले घोटाळे होतात. हे कारण तिला पटलं. पण एकदा पटलं म्हणून सोडून देईल तर ती नोएमी कसली. शिकलेलं माणूस शंका आली की पडताळा घेतं. तिने संगणकाला सांगितलं, गाळायच्या फ्रेम तेवढ्या वेगळ्या काढ आणि सलग लाव.

एक छोटी फिल्म तयार झाली. तिने ती सुरू केली.

चर्चमधली माणसं त्यात भुरूभुरू उडत होती, मुंग्यांसारखी. पंखे थरथरत होते. मायलीन दारातून वेदीपर्यंत दोन क्षणांत येऊन पोचली. आणि त्या सगळ्या घाईत एकच आकृती सावकाश, साध्या माणसाच्या चालीने, मधल्या वाटेने येत होती. फिकट कपडे. चेहरा फोकसबाहेरचा, पिठासारखा. हात पुढे धरलेले, तळव्यावर तळवा, मिस्सेत प्रसाद घ्यायला निघाल्यासारखे.

या फिल्मचा एक सेकंद म्हणजे चर्चमधले चोवीस सेकंद, म्हणजे प्रत्यक्षात ती अर्ध्या मिनिटाला एखादं पाऊल टाकत होती. दोनशे माणसांच्या मधून.

तेवढ्यात आर्विन केबल न्यायला आला. नोएमीने त्याला धरूनच पडद्यासमोर बसवलं.

"बघ. दिसतंय?"

"दिसतंय की. कोणीतरी बाई आहे. का बुवा आहे?"

"तुझ्या कार्डात नाहीये ती."

"मग माझ्या कोनात आली नसेल. गावाकडची कुठली तरी तिता-मावशी असेल गं, उशिरा आलेली. दर लग्नात एक असते, तिला कोणी बोलावलेलं नसतं आणि सगळ्यात आधी जेवते तीच." तो उठला. "तू दोन घास खा, एमी. निनांगची माणसं सगळं फस्त करतायत."

तो गेला. नोएमीने पुन्हा बघितलं, आणि यावेळी तिला दुसरंच काही दिसलं. तितोने मध्येच फोकस मायलीनवरून काढून रेनांतेच्या रडणाऱ्या आईवर नेला होता. फोकस तिच्यावर बसला तशी वाटेतली आकृती थांबली. वळली. बाकांच्या रांगेतून त्या बाईकडे चालू लागली. तितोने कॅमेरा परत मायलीनवर आणला. आकृती परत मायलीनकडे वळली.

५

खालून काचेचा किणकिणाट आला. पाहुणे ग्लासांवर काटे वाजवत होते. ते वाजले की नवराबायकोने चुंबन घ्यायचं. वऱ्हाड चर्चमधून पोचून जेवायलाही बसलं होतं. हशा पिकला.

नोएमीला महिन्यापूर्वीचं एक लग्न आठवलं. त्यात वधूचे आजोबा, लोलो सिम्प्लिसियो, नाचून नाचून दमले, खुर्चीत टेकले आणि बसल्या जागी गेले. हातात चमचा तसाच. तितो ती गोष्ट पुढे महिनाभर मीठमसाला लावून सांगत होता: "असं मरण यावं बघ. पोट भरलेलं, कानावर गाणं, आणि वर कॅमेरा चालू!"

कॅमेरा चालू.

त्या लग्नाची चित्रं अजून तिच्या डिस्कवर होती. गाळलेल्या फ्रेम तिने वेगळ्या काढून सलग लावल्या.

तिथेही ती आकृती होती. आधी वधूच्या मागे. मध्ये तितोने भाजलेल्या अख्ख्या डुकरावर कॅमेरा लावून ठेवला होता. आकृती डुकराकडे वळली नाही, वधूकडेच चालत राहिली. मध्ये कॅमेरा बंद होता. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा ती मधल्या वेळात चालून तेवढी जवळ आलेली होती. म्हणजे बंद केल्याने ती थांबत नव्हती. मग लोलो नाचायला उठले, तितोने फोकस त्यांच्यावर बसवला आणि काढलाच नाही. हौस आली होती त्याला. आकृती वधूला सोडून वळली आणि टेबलांमधून म्हाताऱ्याकडे निघाली.

पोचली, तेव्हा तिने तळव्यावर ठेवलेला तळवा म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली धरला. आपण लहान मुलाला थुंक म्हणताना धरतो, तसा.

त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये खुर्ची रिकामी होती. बाकीच्या चोवीस फ्रेममध्ये लोलो सिम्प्लिसियो खुर्चीत बसलेले होते, हातात चमचा, आणि नात त्यांच्या खांद्यावर हात टाकून हसत होती. गाळलेल्या फ्रेममध्ये नातीचा हात हवेत होता. आकृती दाराकडे परत निघाली होती. हात आता मिटलेले, एकावर एक, आत काही जपून न्यावं तसे.

नोएमी खुर्चीवरून उठली. परत बसली. हा योगायोग आहे, ती मोठ्याने म्हणाली. अभ्र्यांच्या ढिगाने तिचा आवाज गिळून टाकला. मायलीनवर फोकस दुपारपासून होता. वधूवरच असतो फोकस.

६

तितोचं चर्चमधलं उरलेलं चित्रण तिने पुढे पळवलं.

ओढणीचा विधी आला. वधूवर गुडघे टेकून बसतात, एक लांब पांढरी जाळीची ओढणी वधूच्या डोक्यावर आणि वराच्या खांद्यावर पिनांनी टाचतात, वरून दोरीचा वेढा घालतात. मग बराच वेळ दोघांनी हलायचं नाही. मायलीन मान खाली घालून बसली होती. पिन लावायला दोन बायका उभ्या होत्या. गाळलेल्या फ्रेममध्ये तिघी होत्या.

हात आणि हनुवटी यांत वीतभर अंतर उरलं होतं. तिथेच शेवटची प्रार्थना संपली, दोरी निघाली, आणि मायलीन रेनांतेचा हात धरून हसत, झगा उचलून, धावत बाहेर पळाली. आकृती तिच्यामागे वळली. घाई नव्हती तिला.

हॉलमधलं तितोचं पहिलं कार्ड आर्विन केबल नेताना टेबलावर टाकून गेला होता. नोएमीने ते लावलं. वधूवर फुलांच्या कमानीखाली, उंचावरच्या लांब टेबलाशी बसलेले. समोर पाहुण्यांची गोल टेबलं. चर्च इतकं लांब, तरी गाळलेल्या फ्रेममध्ये आकृती इथेही दारातून आत येऊन पहिली टेबलं ओलांडत होती. कार्डाच्या शेवटी ती मायलीनच्या टेबलाच्या पायरीशी होती. ते कार्ड संपून किती वेळ झाला होता कोण जाणे.

मायलीनला सांगावं, पळ? किती पळेल? कधीतरी बसेल. कधीतरी झोपेल.

फोकस हलवायला हवा. फुलांवर नाही, केकवर नाही. माणसावरच.

मग कोणावर? रेनांते? मायलीन त्याच्याशिवाय जगायची नाही. लहान पोरं? छे. तितो? मग कॅमेरा कोण धरणार? मनात स्वतःचं नाव आलं. आलं, आणि दाराशी उभ्या राहिलेल्या फेरीवाल्यासारखं तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

पुढचं नाव शोधावं लागलं नाही. ते सकाळपासून तिच्या जिभेवरच होतं. सत्तरी गाठलेली, सगळं बघून झालेली, सगळ्यांना सगळं सुनावून झालेली बाई. तिचं असं काय राहिलंय? नोएमीला वाटलं होतं, असा विचार मनात आला की माणूस निदान थरथरत असेल. तिचा हात अगदी स्थिर होता.

ती जिना उतरून धावली.

७

हॉलमध्ये थंडी होती आणि भाजलेल्या डुकराचा वास. तितो बेर्तिंग तीन पायांच्या स्टँडमागे घाम पुशीत उभा होता. मायलीनने तिला बघून हात हलवला. दात दाखवून, लहानपणी हलवायची तसाच. तिच्या आजूबाजूला काहीही नव्हतं. फुलं होती.

"तितो, निनांगवर घ्या. आत्ता. फक्त चेहरा. फोकस तिच्यावर."

"तिच्यावर? लेन्स तडकेल."

"तितो!"

"अगं, तू तर तिचं नाव काढलं की पाल झटकल्यासारखं करतेस."

"फिल्ममध्ये ती नसेल तर आयुष्यभर ऐकवेल. घ्या. आणि मी सांगेपर्यंत हलवायचं नाही. मायलीनवर तर अजिबात न्यायचं नाही."

"वधूवर नाही न्यायचं! हे शिकवतात का तुमच्या कॉलेजात?" पण त्याने कॅमेरा वळवला, लेन्सचं कडं फिरवलं, आणि मागच्या छोट्या पडद्यावर निनांग कोन्सोर्सियाचा चेहरा धुक्यातून वर आल्यासारखा स्वच्छ झाला.

ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला, धर्ममातांच्या टेबलाशी बसली होती. मायलीनपासून लांब. नोएमीने मनातल्या मनात ते अंतर मोजलं: पायरी उतरून, नाचायच्या रिकाम्या जागेतून, तीन टेबलांना वळसा घालून. अर्ध्या मिनिटाला एक पाऊल. पाव तास तितोला धरून ठेवायचं, बस.

निनांगला कॅमेरा दिसला नव्हता. ती काट्याने मासा सोडवत होती, काटे ताटाच्या कडेला नीट लावत होती. मग तिने वाढप्याला बोलावलं.

"वर ती थोरली आहे ना, संगणकावर, तिला मोलोचं सूप पाठवलं का? नाही? का नाही? गरम पाठव. आणि डुकराची कातडी कुरकुरीत बघून घाल, तिला लहानपणापासून आवडते. मी पाठवलंय म्हणून सांगू नकोस, नाहीतर खायची नाही."

गाण्यांच्या मधल्या शांततेत ते सगळं नोएमीला ऐकू आलं.

तितो हसला. "ऐकलंस? म्हातारी वाईट नाही गं. तोंडाने फाटकी आहे, एवढंच."

नोएमी तितोला हलवा म्हणाली नाही. छोट्या पडद्यावरच्या चेहऱ्याकडे ती बघत राहिली: पावडर धरलेल्या सुरकुत्या, कानातले मोती, चावताना हलणारी हनुवटी. हनुवटीखालची मोकळी जागा.

ग्लास किणकिणले. मायलीन आणि रेनांतेने चुंबन घेतलं. तिथे सगळं ठीक होतं. ती आकृती आता तिथे नव्हती. नोएमीला हिशेबाने ठाऊक होतं, ती आता नाचायच्या जागेत असेल. आता पहिल्या टेबलाशी. आता दुसऱ्या. एका वाढप्याने रिकाम्या जागेत उगाच अंग चोरलं आणि बाजूने गेला.

अजून थोडं.

८

निनांगने मान वर केली आणि तिला कॅमेरा दिसला.

"अगं बाई! माझ्यावर आहे का हा?" तिने केसांवरून हात फिरवला, मोती सरळ केले. चेहरा एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "आली का एकदाची आठवण! मेल्यांनो, सांगायचं तरी, मी तोंड पुसलं असतं."

"छान दिसताय, निनांग!" तितो ओरडला.

"एकटी काय दिसते मी, भूत!" ती हसली, आणि मग खुर्चीतून अर्धवट उठून तिने हॉलभर ऐकू जाईल असा आवाज दिला. "मायलीन! ए मायलीन! इकडे ये. माझ्याबरोबर ये फिल्ममध्ये. नोएमी, तूही ये, दोघीही या. तुमच्या आईला दाखवायला हवं होतं हे."

मायलीन उठली. झगा दोन्ही हातांनी उचलून ती पायऱ्या उतरली.

"नको," नोएमी म्हणाली. मग ओरडली, "मायलीन, थांब! तिथेच थांब!"

बँड सुरू झाला होता. मायलीन हसत, टेबलांमधून वाट काढत आली, तीन टेबलांना वळसा घालून, निनांगच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसली आणि गालाला गाल लावला.

"वा!" तितो म्हणाला आणि त्याच्या बोटांनी कडं फिरवलं. पडद्यावर निनांग धूसर झाली. मायलीन स्वच्छ झाली, पापणीन् पापणी.

"तितो, हलवा! निनांगवर घ्या!"

"वेडी आहेस का? वधू आहे ती!"

तिने त्याचा हात धरला. त्याने कोपराने झटकला. मग तीच धावत पुढे गेली आणि लेन्ससमोर उभी राहिली, हात पसरून. "माझ्यावर घ्या! तितो, माझ्यावर! मी इथे आहे!"

"बाजूला हो गं! इतक्या जवळ तू नुसता धुरळा दिसतेस. फोकसच बसत नाही तुझ्यावर." त्याने खांद्याला धरून तिला दूर सारलं आणि तिचा तोल गेला. स्टँडचा पाय धरून ती सावरली तेव्हा छोटा पडदा तिच्या तोंडासमोर होता. सेकंदातल्या एकाच फ्रेमपुरतं असलेलं ते डोळ्याला दिसत नाही, दिसू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी पापणी लवावी तेवढाच वेळ तिला मायलीनच्या हनुवटीखाली तळव्यावर ठेवलेला तळवा दिसला.

नोएमीने पडद्यावरून डोळे काढून समोर बघितलं. निनांगच्या खांद्याशी मायलीन टेकलेली होती. चेहऱ्यावर हसू होतं. डोळे उघडे होते.

"हलू नकोस हं, बाळा, अजून घेतोय तो," निनांग ओठ न हलवता म्हणाली.

मायलीन हलली नाही.

"आणखी थोडं, आणखी थोडं," तितो म्हणत होता. "वा रे माझी राणी! अशीच!"

पाहुण्यांनी ग्लास वाजवायला सुरुवात केली. रेनांते जागेवरून उठला, हसत, कोट सारखा करत. निनांगने मायलीनच्या खांद्याभोवतीचा हात आणखी घट्ट केला, गाल तसाच गालाला लावून ठेवला, आणि कौतुकाने डोळे बारीक करून नोएमीकडे बघितलं.

"बघ नोएमी, कशी गुणाची बसलीय. शिक जरा हिच्याकडून."